बदल करा, पण सांगून करा

मेसेज पाठवला आणि लगेच लक्षात आलं, की काहीतरी चुकलंय. मग बोट आपोआप 'एडिट'कडे जातं ना तुमचंही? व्हॉट्सॲपने ही सोय मे २०२३ मध्ये दिली. पाठवल्यापासून १५ मिनिटं मजकूर बदलता येतो. सोय छानच आहे, पण तिची एक रीत पाळायला हवी, असं मला वाटू लागलंय.

कारण सांगते. आमच्या चंदीगडमध्ये पत्ता म्हणजे सेक्टरचा आकडा. तो चुकला, की तुम्ही शहराच्या भलत्याच भागात पोहोचता. गेल्या थंडीत एका ग्रुपवर मेसेज आला : 'तातडीने रक्त हवंय, सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलमध्ये या.' माझी रूममेट जॅकेट चढवून निघालीसुद्धा. थोड्या वेळाने त्याच मेसेजमधल्या ३२ चे १२ झाले. तिला कळणार कसं? मेसेज बदलला तरी फोन वाजत नाही. वेळेशेजारी फक्त 'एडिटेड' असा बारीक शब्द येतो आणि आधी काय लिहिलं होतं, ते दिसत नाही. मी सहज मेसेज पुन्हा उघडला, तेव्हा आकडा दिसला आणि तिला फोन केला. ती तिथून पीजीआयला गेली, पण पाऊण तास वाया गेला.

मेसेज लिहिणाऱ्याला दोष देत नाही. अशा घाईत आकडा कोणाचाही चुकेल. पण खाली 'पत्ता बदललाय, सेक्टर १२ ला या' एवढी एक ओळ हवी होती.

ही रीत आपल्याला नवी नाही. जुन्या मराठी पुस्तकांत शुद्धिपत्र असायचं : पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. पत्र लिहून झाल्यावर काही आठवलं, की खाली 'ता. क.' यायचं. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरही प्रत्येक लेखाला 'इतिहास' असतो. कधी काय बदललं, ते कोणीही पाहू शकतं. दुरुस्तीला कुठेच मनाई नाही. फक्त वाचणाऱ्याला ती कळली पाहिजे.

म्हणून मी स्वतःपुरतं ठरवलंय. तुम्हालाही पटतंय का बघा.

वेलांटी-उकार चुकला असेल, तर बिनधास्त बदला. कोणाला सांगायची गरज नाही.

तारीख, वेळ, पत्ता, रक्कम किंवा औषधाचा डोस बदलला, तर वेगळा मेसेज टाका. कोणीतरी आधीचं वाचून कामाला लागलेलं असतं.

कोणी उत्तर दिलं असेल, तर मूळ प्रश्नाला हात लावू नका. 'आंबे कोणाला हवेत?' यावर आत्याने 'मला, दोन डझन!' लिहिलं आणि तुम्ही प्रश्न 'पेटीचे पैसे कोण देणार?' असा केला, तर आत्या उगाच अडकेल.

आणि रागात काही बोलून गेलात, तर नुसते शब्द बदलून भागत नाही. ज्याने वाचलं, त्याच्या मनात ते राहतं. तिथे सरळ फोन करून 'सॉरी' म्हणा.

घरच्या ग्रुपवर हे एकदा बोलून घ्या. आजी-आजोबांना 'एडिटेड' शब्द कुठे दिसतो, तेही दाखवा. मेसेज एकदाच वाचून, डोळे झाकून विश्वास ठेवणारे तेच असतात.