गिरडच्या टेकडीवर

जामच्या चौरस्त्यावर हैदराबादचा रस्ता आणि चंद्रपूरचा रस्ता वेगळे होतात. सगळी वाहतूक या दोन रस्त्यांना लागते. आम्ही मात्र समुद्रपूर गाठलं आणि तिथून पूर्वेला गिरडकडे निघालो. दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन निघून शेतं रिकामी झालेली, कपाशी फुटायला लागलेली, तूर पिवळ्या फुलांवर आलेली. वर्धा जिल्ह्याचा हा टोकाचा मुलूख. पलीकडे उमरेड म्हणजे नागपूर जिल्हाच. काळ्या, जवळजवळ सपाट रानात एक टेकडी दिसायला लागली की गिरड आलंच म्हणून समजायचं.

या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. इंग्रजी अमदानीत गिरड हिंगणघाट तहसिलीत मोडत असे. तेव्हाच्या गॅझेटिअरमध्ये एवढ्याशा गावाला स्वतंत्र नोंद मिळाली, ती या दर्ग्यामुळे आणि इथल्या दगडांमुळे. मीही दोन्हींच्या ओढीनेच आलो होतो.

चढावर रेवड्या, चिरंजीदाणे, अगरबत्ती, फुलांच्या चादरी मांडलेल्या. एका दुकानाशी म्हातारी आजी बसली होती. मी खाली बघत चालतोय हे तिच्या लक्षात आलं.

"गोटे पाहून राह्यले का जी?" तिनं विचारलं. "ते नारळ होते आधी. बाबाशी मस्करी केली ना त्या व्यापाऱ्यायनं!"

आणि तिनं हातातलं काम न थांबवता गोष्ट सांगितली. दोन फिरते व्यापारी माल घेऊन चालले होते. त्यांनी फकिराची थट्टा केली. नारळासकट सगळा माल जागच्या जागी दगड झाला. मग दोघं पायावर पडले, तेव्हा बाबांनी वाळलेल्या पाल्यापासून नवा माल करून दिला. व्यापारी पुढे गेलेच नाहीत. इथेच बाबांच्या सेवेत राहिले, आणि टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच म्हणून दाखवतात. गॅझेटिअरमध्ये हीच कथा जवळजवळ अशीच छापलेली आहे. शंभराहून अधिक वर्षांत आजीच्या तोंडी तिचा एक टाकाही उसवलेला नाही, याचं मला मोठं कौतुक वाटलं.

वाटेकडेचा एक गोटा उचलला. सुपारीएवढा, वरून हिरवट, हाताला खडबडीत. शेजारीच एक फुटका पडला होता. त्याच्या पोटात पांढऱ्या, सुईसारख्या बारीक स्फटिकांचा झुपका. ऊन पडलं की तो चमकायचा. भूशास्त्रात या खनिजाला झिओलाइट म्हणतात. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरत गेला. निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खडकात झिरपलेल्या पाण्यातून त्या पोकळ्यांत खनिजं साचली. भोवतालचा काळा खडक झिजून माती झाला आणि आतले गोटे मोकळे होऊन पसरले.

परंपरा सांगते की बाबा उत्तरेकडचे. तीस वर्षं फकीर म्हणून भटकून १२४४ च्या सुमारास या टेकडीवर आले. म्हणजे देवगिरीला सिंघण यादवाची सत्ता होती तो काळ. भाविकांच्या मनातले फरीद म्हणजे चिश्ती परंपरेतले बाबा फरीद गंजशकर, ज्यांची वचनं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांचं आयुष्य मात्र पंजाबात अजोधनला सरलं. आजचं पाकिस्तानातलं पाकपट्टण ते हेच, आणि त्यांची कबरही तिथेच. तेव्हा गिरडचे बाबा तेच, असं इतिहासाच्या अंगानं म्हणता येणार नाही.

पण मला यापेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. पंजाबातही बाबा फरीदांची अशीच एक कथा सांगतात. साखर घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी विचारलं, पोत्यात काय आहे? तो खोटंच म्हणाला, मीठ. उघडून पाहिलं तर खरंच मीठ! त्यानं गयावया केल्यावर पुन्हा साखर झाली. खोटं बोलणारा किंवा थट्टा करणारा व्यापारी, बदललेला माल, माफी, आणि मालाची परतफेड: सांगाडा दोन्हीकडे एकच. फकिरांबरोबर ही कथा दक्षिणेत उतरली असावी, आणि गिरडला तिला लाव्ह्यातले गोटे आयते मिळाले, असं मला वाटतं. साखरेचं मीठ झालं ते कोणी पाहिलेलं नाही; इथे पुरावा पायाखालीच पसरलेला आहे. म्हणून ही कथा या मातीत इतकी घट्ट रुजली.

दर्ग्यात हिंदू आणि मुसलमान दोघंही नवस फेडायला येतात. गावात रामाचं मंदिर आहे; रामनवमीला आणि मोहरमला इथे माणसांची रीघ लागते. खाली उतरताना मी आजीला विचारलं, बाबांना एवढा राग आला होता, तर माफ कसं केलं?

"माफी मांगली ना त्यायनं," ती म्हणाली. "अन् मांगल्यावर नाही म्हणणारा बाबा कायचा?"

गिरडला जायचं तर यात्रेची गर्दी टाळून जावं आणि सकाळीच चढावं. तिरप्या उन्हात फुटक्या गोट्यांमधले स्फटिक लांबूनही ओळखू येतात. उचलून, निरखून ते तिथेच ठेवावेत. मागून येणाऱ्यांनाही ही गोष्ट हातात धरून ऐकता आली पाहिजे.