पत्र्याच्या पेटीतला आंबट वास

गेल्या पावसाळ्याआधी आईने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. झाकण उघडताच आंबट भपकारा आला. आत ना लोणचे होते ना व्हिनेगर. होत्या दादांच्या निगेटिव्ह.

दादा गिरणीत साचेखात्यात होते. एका दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा घेतला होता. एका रोलवर बारा फोटो. १९८२ च्या संपात कॅमेरा विकला गेला, निगेटिव्ह राहिल्या. त्यातच माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक छबी होती. माझ्या जन्माआधीच, दोन वर्षांची असताना ती गेली. कागदावरचा फोटो केव्हाच हरवला होता.

चूक माझीच. २६ जुलै २००५ ला चाळीत पाणी शिरले, त्याचा धसका घेऊन मी सगळ्या निगेटिव्ह कागदी पाकिटांतून काढल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्या. पाणी लागू नये म्हणून! पण ही फिल्म ॲसिटेटची. उष्णतेने व दमट हवेने ती कुजू लागते आणि तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटते, म्हणजे व्हिनेगरमधला तोच आंबटपणा. ते कोंडून राहिले की कुजणे आणखी वेगाने होते, शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागते. मी तर त्याला बाहेर जायला वाटच ठेवली नव्हती. त्यात माळा स्वयंपाकघरावरचा. आणखी काय हवे?

गंमत अशी, की कृष्णधवल चित्र असते चांदीच्या कणांचे. नीट धुतलेले असेल तर ते फार टिकते. आकसतो तो खालचा पाया. वरचा जिलेटिनचा थर तितका आकसत नाही, म्हणून त्याला नागमोडी सुरकुत्या पडतात. रंगीत फिल्मचे दुखणे वेगळे. तिचे रंग अंधारातही उडतात. मामांच्या जुन्या स्लाइड सगळ्या लालसर झाल्या आहेत.

फोटोवाल्याने निगेटिव्ह काचेखाली सपाट करून स्कॅन केली. चेहरा आला. कमरेखाली नुसत्या सुरकुत्या. आई बराच वेळ पाहत राहिली. "पायात वाळे होते रे तिच्या," एवढेच म्हणाली.

उरलेल्या निगेटिव्ह आता कागदी पाकिटांत, कपाटाच्या मधल्या फळीवर आहेत. वास येणाऱ्या वेगळ्या ठेवल्या. कुजणे एकदा सुरू झाले की थांबत नाही, थंड व कोरड्या जागी मंदावते इतकेच. ज्यांच्या घरी असे डबे असतील त्यांनी आधी वास घेऊन पाहावा, आणि वास नसला तरी स्कॅन करून घ्यावे. आमच्या अजून एकोणीस राहिल्या आहेत. पगार झाला की चार-चार नेतो.