बुडबुडे नकोत, आकडा बघ

पिंपरी, ४ जानेवारी

सायली,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोपच उडाली. टोरांटोच्या तळघरात वाइनचं पहिलं किट लावलंस, सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले आणि विचारतेस, ‘मावशी, बाटल्या भरू का?’ अजिबात भरू नकोस.

मी एच.ए. कंपनीत, म्हणजे आपल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, २९ वर्षं आंबवण्याच्याच खात्यात काढली. १९५४ साली उभ्या राहिलेल्या या सरकारी कारखान्यानं पेनिसिलिन आपल्या देशात बनवायला घेतलं. प्रचंड टाक्यांत बुरशी वाढवायची, तिला खाऊ घालायचं आणि तिनं सोडलेलं औषध काढून घ्यायचं. बुरशीच्या संसर्गावरचं औषध हॅमायसिन तर तिथेच सापडलं. पिंपरीला मोटारींचं गाव म्हणतात, पण माझ्यासाठी ते आधी आंबवणाऱ्यांचं गाव आहे.

आमच्या बुरशीला सतत निर्जंतुक हवा लागायची. तुझ्या यीस्टला ती सुरुवातीला थोडीशी पुरते, नंतर हवाच वैरीण होते. हवा मिळाली की अ‍ॅसेटिक जीवाणू वाइनचं व्हिनेगर करून टाकतात. त्यासाठीच एअरलॉक असतो. नळी, पळी, झाकण, सगळं आधी धू आणि मग मेटाबायसल्फाइटच्या पाण्यातून काढ. धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. बाहेरचा जंतू शिरला की अख्खी टाकी ओतून द्यावी लागते, मग ती हजारो लिटरची असो की तुझी २३ लिटरची.

आता मुद्द्याचं. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं, असं नाही. तळघर १५ अंशांवर आहे, असं तूच लिहिलंस. थंडीनं यीस्ट बहुधा झोपलंय. हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची नळी, बुडवून बघ. सुरुवातीला १.०८५ होतं, ते ०.९९५ च्या आसपास यायला हवं. १.०३० वगैरे निघालं, तर साखर अजून शिल्लक आहे. अशी वाइन बाटलीत कोंडलीस आणि उन्हाळ्यात यीस्ट जागं झालं, तर वायूच्या दाबानं काच फुटेल. बुधला वर आण, २२ अंशांच्या खोलीत ठेव, हलक्या हातानं ढवळ. आकडा तीन दिवस जागचा हलला नाही, मगच पुढची पायरी. वायू ढवळून काढ, गाळ खाली बसू दे, वाइन निवळू दे. किटच्या कागदावर चार आठवडे लिहिले असतील, तू सहा दे.

चाकणला नोकरी करणारा तुझा भाऊ म्हणतो, ‘ताईला माझ्यासाठीही एक किट आणायला सांग.’ त्याला मी नाही म्हटलंय. तुझ्याकडे घरच्यापुरती वाइन करायला कायद्याची आडकाठी नाही; आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय ती घरी करणं गुन्हा आहे. त्याला वाइन समजून घ्यायचीच असेल, तर त्याच्या कंपनीपुढचा नाशिक रस्ता धरून नारायणगावच्या बाजूला जावं. शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच पद्धतीनं फसफसणारी वाइन तिथेच केली होती. नाहीतर मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात काय चालतं, ते बघून यावं.

तू येताना किट आणू नकोस. रोजचं तापमान आणि हायड्रोमीटरचा आकडा आजपासून वहीत लिही आणि ती वही तेवढी आण.

तुझी,
मावशी