आयचे तळवे

आपण हातांवर पुष्कळ लिहिलं. मुठीवर तर फारच. आज मी पायावर लिहितोय. तळव्याला धरलेल्या जाड, मेलेल्या कातडीवर. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

माझी आय कोयनेच्या धरणावर होती. म्हणजे खडी वाहायला होती. डोक्यावर घमेलं, पायात काही नाही. गावी असताना वरच्या आळीतून जायचं तर वहाणा काढून हातात घ्याव्या लागायच्या. म्हणून आमच्या बायांनी वहाणांचा नादच सोडलेला. तेच अनवाणी पाय धरणावर आले. सिमेंटच्या पाण्यानं टाचा उलायच्या. १९६२ ला कोयनेची वीज निघाली नि मुंबईकडं गेली. आमच्या खोपटात चिमणीच. त्या उजेडात आय भेगांत मेण भरत बसायची.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून गेलेले. मी सात वर्षांचा. जमीन गुरगुरली नि भिंती खाली आल्या. आयनं मला काखोटीला मारलं, नि फुटक्या कौलांवरून, दगडांवरून, काचांवरून पळत मोकळं रान गाठलं. त्या भूकंपात कोयनानगर नि आसपासची दीडशेवर माणसं गेली. उजाडल्यावर बायांनी आयचे तळवे बघितले. साधा ओरखडा नव्हता. एक जण म्हणाली, "हिच्या पायाला काय व्हतंय? ढाल हाय ती."

ही गोष्ट मी पुढं भाषणांत सांगायचो. टाळ्या पडायच्या.

आता त्या टाळ्यांची लाज वाटते.

१९८९ साल. आयची पन्नाशी उलटलेली. अंगात साखर निघालेली, पण गोळी कधी घेतली, कधी नाही. एक दिवस म्हणाली, "चवड्याखाली खडा बांधल्यावाणी वाटतंय. काढ की रं तेवढं." मी दाढीचं पातं घेतलं नि अंगठ्याखालचा घट्टा तासायला बसलो. मधेमधे विचारत होतो, "दुखतंय का गं?" ती म्हणायची, "न्हाई रं, काढ." मला वाटलं, आपला हात हलका आहे. रक्त मला पोत्यावर दिसलं. तिला पत्ताच नव्हता. हळद दाबली नि कामाला गेलो. तीन आठवड्यांनी वास यायला लागला. कराडला नेली, तेव्हा अंगठा काढावा लागला.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "दुखत नव्हतं, तेव्हाच आणायला हवं होतं."

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. भूकंपात तिला लागलं नाही, कारण कातडी जाड होती. पात्यानं लागलं ते कळलं नाही, कारण साखरेनं पायाच्या नसा मेल्या होत्या. दोन्ही वेळेला आम्ही म्हणालो, आय खमकी आहे. न दुखणं म्हणजे बरं असणं नव्हे. आपल्या माणसांच्या सोसण्याचं कौतुक पुष्कळ झालं.

म्हणून जे मला कुणी सांगितलं नाही, ते सांगतो.

घट्टा का धरतो? एकाच जागी दाब नि घासणं चालू राहिलं, की शरीर तिथं कातडी जाड करतं. म्हणजे आधी वहाण बदला. मापाची, मऊ तळाची घ्या. नाहीतर काढलेला घट्टा पुन्हा येणारच.

पायाला साखरेचा त्रास नसेल, मुंग्या-बधिरपणा नसेल, जखम नसेल, तर घरी काढता येतो. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवा. कातडी मऊ झाली की वजरीनं हलक्या हातानं घासा. एका दिवसात सगळं काढायचं नाही. थोडं आज, थोडं चार दिवसांनी. गुलाबी, हुळहुळी कातडी दिसायच्या आत थांबा. पाय पुसा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. मग टाचेला नि तळव्याला कोकमाचं तेल नाहीतर व्हॅसलीन लावा. बेचक्यांत लावू नका. रात्री सुती मोजे घाला.

पातं नको, कात्री नको. बिब्ब्याचा चटका तर नकोच, त्यानं कातडी भाजते. कुरपावर लावायच्या पट्टीत ॲसिड असतं, ते चांगली कातडीही खातं.

नि ज्याला साखर आहे, त्यानं घरी काहीच तासायचं नाही. पाय भिजत ठेवायचे नाहीत, कारण पाणी पोळतंय हेच त्याला कळत नाही. घट्टा डॉक्टरकडून काढून घ्यायचा. रोज तळवे बघायचे. वाकता येत नसेल, तर खाली आरसा धरायचा. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायांनी त्यांना फार छळलं. तुमच्या मोर्च्यात चालणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कितीजणांना तो असेल, विचारलंय कधी?

आय २००३ ला गेली. तोवर रोज संध्याकाळी मी तिच्या तळव्याखाली आरसा धरायचो. पहिल्या दिवशी तिनं पाय ओढून घेतला. म्हणाली, "माज्या पायाला कुणी हात लावला न्हवता रं कदी."

पाया पडायचं आपण सोडलं, बरं केलं. पाय बघायचं सोडू नका. आज घरी गेलात, की आधी आयला खाटेवर बसवा.