दाराखालचं नाक

अहो, काल संध्याकाळी आमच्या पडवीत काय झालं माहितीये? हुरडा वाघ्याच्या पोटाला टेकून झोपला! गाढ झोपला! हुरडा म्हणजे मांजराचं पिल्लू, वाघ्या म्हणजे आमचा गावठी कुत्रा, आणि मी समोरच्या पायरीवर श्वास रोखून! हातातला चहा गार झाला, पण जागचं हलवेना!

मांजरातलं मला काही म्हणजे काही कळत नाही, हे आधीच सांगते. आमच्याकडे कायम कुत्रीच. कुत्रं-मांजर म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य, असंच ऐकत मोठी झाले. महिन्यापूर्वी शेतात कडब्याच्या गंजीत हे सापडलं, जेमतेम दीड महिन्याचं, दोन दिवस वाट बघितली तरी आई फिरकली नाही, आणि मग मी त्याला ओढणीत गुंडाळून मोडनिंबातल्या घरी आणलं, आणि मग दारात दोन कुत्री उभी! वाघ्या भुंकत होता. बिजली गप्प! आणि भीती वाटली ती बिजलीचीच! ती कारवान जातीची. लांब पायांची, नजरेवर शिकार करणारी, माळावर ससा उठला की बाणासारखी सुटणारी. तिच्या नात्यातल्या मुधोळ कुत्र्याचं तर 2005 साली टपाल तिकीट निघालंय! एवढं मोठं घराणं, आणि समोर हे मूठभर पिल्लू!

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, समोरासमोर आणूच नका, आधी वासाची ओळख होऊ द्या. वासाची! आणि मग हुरडा धान्याच्या खोलीत, दार बंद, आणि मग वाघ्याचं गोणपाट आत आणि हुरड्याची ओढणी बाहेर, आणि मग दाराच्या एका बाजूला कुत्र्यांची भाकरी, दुसऱ्या बाजूला हुरड्याची वाटी, आणि मग मी जमिनीवर पालथी पडून फटीतून बघतेय! काय दिसलं सांगू? दाराखाली एक काळं, ओलं, भलंमोठं नाक! आणि त्याच्यासमोर तुरीच्या दाण्याएवढं गुलाबी नाक! दोन्ही सूं सूं करतायत! गोणपाट हुंगून हुरडा तोंड अर्धवट उघडं ठेवून कितीतरी वेळ तसाच! का, तर मांजराच्या टाळूत वास टिपणारा आणखी एक अवयव असतो! नाकाशिवाय आणखी एक!

बारा दिवसांनी दार उघडलं. कुत्री पट्ट्याला, हुरड्याला उडी मारून बसायला उंच कोठी. वाघ्यानं पुढचे पाय पसरले, मागचा भाग वर केला. म्हणजे चल, खेळू! हुरड्याची शेपूट सटासट आपटायला लागली. म्हणजे लांब राहा! कुत्रं खुशीत शेपूट हलवतं आणि मांजर चिडलं की आपटतं! शेपूट तीच, भाषा उलटी!

आणि बिजली? थिजलेली! डोळे रोखलेले! भुंकणाऱ्यापेक्षा अशा थिजलेल्या कुत्र्यापासून जास्त जपायचं, हे मला तेव्हा कळलं. आणि मग मी हाक मारायची, तिनं मान वळवली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा, आणि मग पुन्हा हाक, पुन्हा तुकडा, आणि मग एके दिवशी हुरडा समोरून गेला आणि ती मी हाक न मारताच माझ्याकडे बघायला लागली! माझ्याकडे! पिल्लाकडे नाही!

एवढ्या दिवसांत हुरड्याचे निळे डोळे हिरवे झाले. अगदी कोवळ्या ज्वारीच्या दाण्यासारखे! नाव तिथूनच आलं.

बिजलीचा पट्टा मी अजून सोडलेला नाही. घरात कुणी नसलं की हुरड्याचं दार बंदच असतं. तो तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस आहे. पण तुमच्या घरी कुत्रं असेल आणि असं एखादं पिल्लू आलं, तर पहिल्याच दिवशी तोंडासमोर तोंड नेऊ नका. दार लावा, फटीपाशी पालथे पडा, आणि आधी नाकांना बोलू द्या!