लाकडाचा बैल

श्रावणातील अमावास्या सरली की दुसऱ्या दिवशी नागपूरच्या मुलांचा सण उजाडतो. अमावास्येचा पोळा हा खऱ्या बैलांचा. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा तान्हा पोळा हा लाकडी बैलांचा. चार चाकांवर उभा असलेला, गळ्यात घुंगरू बांधलेला बैल दोरीने ओढीत मुले घरोघर जातात. घरची माणसे बैलाला ओवाळतात आणि मुलांच्या हातावर खाऊ किंवा पैसे ठेवतात. ह्या देण्याला आमच्याकडे बोजारा म्हणतात. पुण्यामुंबईकडून आलेल्या पाहुण्यांना पुष्कळदा हा शब्दही ठाऊक नसतो आणि सणही. तो त्यांना समजावून सांगताना आम्हां नागपूरकरांचा आवाज किंचित चढतो, हे मला कबूल आहे.

हा सण दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला, असे नागपुरात सांगतात. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६ अशी होती. ज्याच्या खांद्यावर घरादाराचे अन्न अवलंबून, त्या बैलाचे मोल मुलांना लहान वयातच कळावे, हा त्यामागचा हेतू. खऱ्या बैलाच्या शिंगांजवळ तान्ह्या मुलाला सोडता येत नाही. लाकडी बैलाच्या गळ्याला ते खुशाल मिठी मारू शकते. एकेकाळी भोसल्यांच्या अंमलाखाली असलेल्या छत्तीसगडातही ह्याच दिवसांत पोरा नावाचा सण होतो आणि तेथील मुले मातीचे बैल ओढतात. कोणी कोणापासून घेतले, हा वाद पंडितांनी घालावा. मुलांना बैल मिळाल्याशी कारण.

आमच्या घरातला बैल बाजारातून आलेला नाही. माझ्या आजोबांची शेती कुही तालुक्यात, वैनगंगेच्या काठच्या एका लहान गावी होती. वखराचे एक जुने खोड तडकून निकामी झाले, तेव्हा त्या बाभळीच्या लाकडातून गावच्या सुताराने हा बैल कोरला. बाभळीचे लाकूड चिवट आणि जड. त्यामुळे आमचा बैल दिसण्यात काही देखणा नाही. मान आखूड, पाय ठेंगणे, वशिंड मात्र डौलदार. चितारओळीत मिळणारे गुळगुळीत, रंगविलेले बैल त्याच्यापुढे राजपुत्र वाटतात. पण आजोबांच्या गोठ्यातल्या ढवळ्याने तो वखर कैक वर्षे ओढला होता, म्हणून लाकडाच्या बैलाचेही नाव ढवळ्याच पडले.

पोळ्याला आम्ही सारे गावी जात असू. आदल्या सायंकाळी खांदशेकणी होई. जू ज्या जागी टेकते तेथे बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात. आजोबा त्या घट्ट्यांवर कोमट पाणी घालीत आणि मग लोणी व हळद हलक्या हाताने चोळीत. वर्षभर ज्या बैलांवर ते ओरडत, प्रसंगी तुतारीही उगारीत, त्यांच्याशी त्या संध्याकाळी ते अगदी खालच्या आवाजात बोलत. नंतर बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाई. घरच्या पाहुण्यालाही इतक्या अदबीने कोणी बोलाविलेले मी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी बैल न्हाऊन येत. शिंगांना हिंगूळ आणि बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली साऱ्या गावचे बैल रांगेने उभे राहत, झडत्या म्हटल्या जात आणि तोरण तुटले की एकच धांदल उडे. बैल दाराशी आले की आजी त्यांचे पाय धूत असे आणि पुरणपोळीचा पहिला घास त्यांना देत असे. त्याआधी आम्हां मुलांना पानावर बसता येत नसे. भूक लागल्याची कुरकूर मी एकदा केली, तेव्हा आजोबा म्हणाले, “बापू, त्यानं पेरलं तवा तू खातं. त्याच्या आंधी जेवू नोको.”

पुढे वैनगंगेवर मोठे धरण झाले. आजोबांचे शेत आणि गाव पाण्याखाली गेले. लोक नव्या वसाहतींत विखुरले. आमचे घर त्याआधीच नागपुरास, नंदनवनात स्थिरावले होते. गोठ्यातली दावणीची जागा, तोरणाची जागा, आजी जेथे बैलांचे पाय धूत असे तो उंबरठा, ह्यांपैकी काहीही आता माझ्या मुलांना दाखविता येत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे काठावरून मी एक दिशा दाखवितो, इतकेच. त्या गावचे जे लाकूड आमच्याकडे उरले आहे, ते ढवळ्याच्या रूपाने.

नंदनवनात तान्ह्या पोळ्याची सकाळ फार गजबजलेली असते. पळसाच्या फांद्यांचे मेढे दारातून उचलून नेताना लोक रोगराईला आणि संकटांना मारबतीबरोबर निघून जाण्यास ओरडून सांगतात. जुन्या शहरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. काळी १८८१ च्या सुमारास सुरू झाली, पिवळी १८८५ च्या सुमारास. त्यांच्याबरोबर बडगे असतात. महागाई, भ्रष्टाचार, जे जे लोकांना छळते त्याचा पुतळा करून त्याची खिल्ली उडविली जाते. माझ्या मुलाला हे सर्वांत आवडते, कारण त्या दिवशी मोठ्याने ओरडल्याबद्दल कोणी रागावत नाही.

सायंकाळी मुले बैल घेऊन निघतात. पूर्वी हा मान बहुधा मुलग्यांकडेच असे. आमच्या घरी बैलाची दोरी माझी मुलगी धरते. ती थोरली आहे, तेव्हा तिचा हक्क पहिला, असे आईनेच ठरवून टाकले. चार वर्षांपूर्वी तिने मला विचारले, “बाबा, ह्याच्या खांद्यावर घट्टा का नाही?” मी तिला खांदशेकणीची गोष्ट अनेकदा सांगितली होती. परंतु तिने घट्टा पाहिलेला नव्हता, जू पाहिलेले नव्हते, आणि बैल पाहिला होता तो बसच्या खिडकीतून. माझ्यापाशी उत्तर होते. तिला ते हाताला लागावयास हवे होते.

पुढल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी दोन्ही मुलांना उमरेडकडील एका नातेवाइकांच्या शेतावर नेले. ट्रॅक्टर आल्यापासून त्यांच्या गोठ्यात एकच जोडी उरली आहे. त्या गृहस्थांनी मुलीच्या तळहातावर लोण्याचा गोळा ठेवला आणि तिचा हात धरून बैलाच्या खांद्यावर टेकविला. बैलाची कातडी थरथरली, तशी ती दचकून मागे सरली. मग पुन्हा पुढे झाली. परतताना वाटेत ती फारसे बोलली नाही. हाताला हळदीचा वास होता, तो धुऊ नये म्हणून तिने रात्री चमच्याने जेवण केले.

तेव्हापासून आमच्या घरी ढवळ्याचीही खांदशेकणी होते. ही प्रथा आजोबांच्या काळी नव्हती. लाकडाला कसली आली आहे वेदना, असे ते हसून म्हणाले असते. पण आई कोमट पाणी आणून देते, मुलगी लोणी चोळते आणि धाकटा बैलाच्या कानाशी लागून त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतो. वर्षानुवर्षांच्या लोण्याहळदीने बाभळीचे ते लाकूड वशिंडापाशी आता काळसर आणि तुकतुकीत होऊ लागले आहे. गेल्या वर्षी मुलीने त्या जागी बोट ठेवून धाकट्याला सांगितले, “हा बघ, हा ह्याचा घट्टा.”