मंडळीबाहेरची मंडळी

पुलावरून पलीकडे गेलेल्या माणसाने नंतर त्या पुलाचे काय करायचे असते, हा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या एका विधानापाशी दर वेळी उभा राहतो. आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो ते तुकारामाच्या पुलावरून, अशा आशयाचे हे विधान मराठी ख्रिस्ती साहित्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी दिलेले आहे. देणाऱ्याचा जसा कल असेल, तसा कधी त्यात वारकरी परंपरेचा गौरव दिसतो, तर कधी त्या परंपरेला वाटेतला एक टप्पा ठरवल्याची खंत. दोन्ही अर्थांत एक गोष्ट मात्र धरूनच चाललेली असते, ती ही की टिळक पलीकडे पोहोचले. त्यांच्या आयुष्याची अखेरची दोन वर्षे पाहिली म्हणजे हे गृहीत तितकेसे पक्के राहत नाही.

घटनाक्रम सर्वश्रुत आहे. १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या ज्या उत्तरभागात ख्रिस्ताचे चरित्र आणि आद्य शिष्यांची पत्रे येतात त्याची, एक प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती समाजात प्रवेश देणाऱ्या जलसंस्काराला हे नाव आहे. पुढची सुमारे दोन दशके अमेरिकन मराठी मिशनच्या कामात, अहमदनगर आणि राहुरीच्या परिसरात, उपदेश, अध्यापन आणि ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे लेखन यांत गेली. १९१७ मध्ये ते मिशनच्या सेवेतून बाहेर पडले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकमेकांचे बंधू म्हणून बसणार होते. ९ मे १९१९ रोजी ते वारले.

आता पूल म्हटला की दोन काठ आले. अलीकडचा काठ कोणता याविषयी वाद नाही. पलीकडचा काठ मात्र मिशनच्या नकाशावर मिशनच्या आवाराशी जवळजवळ एकरूप झालेला होता, आणि टिळकांच्या नकाशावर तो तसा होता असे १९१७ नंतर म्हणता येत नाही. शिवाय ज्याच्या नावाचा हा पूल, त्याची स्वतःची नदीकाठची कथा या उपमेला फारशी साथ देत नाही. देहूच्या परंपरेनुसार तुकारामांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, ते काठावर अन्नपाणी सोडून बसून राहिले आणि तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. या कथेत नदी कोणीच ओलांडत नाही. जे घडते ते सगळे अलीकडच्या काठावर बसल्या जागी घडते. जो स्वतः कधी पार गेला नाही आणि ज्याला पार जाण्याची निकडही वाटलेली दिसत नाही, त्याला दुसऱ्याने पूल करावे, यात कृतज्ञता किती आणि किंचितसा अन्याय किती, हे ठरवणे अवघड आहे. पूल दोन्ही बाजूंनी चालतो, हीही एक अडचण आहेच. ज्या पुलावरून माणूस जातो त्यावरून तो परतही येऊ शकतो, आणि परत येणाऱ्याला परत येताना पाहूनही काठावरचे लोक तो निघालाच आहे असे समजू शकतात. उपमेला इतके ताणू नये, हे खरे. पण टिळकांनी बाप्तिस्म्यानंतर जे लिहिले त्यातले कितीतरी अभंगाच्या साच्यात लिहिले, ‘अभंगांजली’ हे नावच त्याची साक्ष देते, आणि त्यामुळे पलीकडे पोहोचलेला हा माणूस पुलाचेच दगड काढून पलीकडे घर बांधीत होता की काय, अशी शंका येत राहते. तसे असेल तर मागे पूल उरला किती?

‘दरबार’ हा शब्दही साधा नाही. संघटनेबाहेर पडू पाहणाऱ्याने आपल्या नव्या बैठकीला नाव द्यावे ते मानकरी, मुजरे आणि बसण्याच्या जागांचा क्रम या सर्वांची आठवण करून देणारे, आणि तेही साताऱ्यात, जिथली गादी खालसा होऊन जेमतेम सत्तर वर्षे झालेली होती. टिळकांच्या मनात अर्थातच देव हा एकच राजा आणि बाकी सगळे समान, अशी मांडणी असणार. तरी ज्या शहरात दरबार भरणे बंद झाले होते तिथे नवा दरबार भरवताना त्या शब्दातली पोकळी त्यांच्या कवीच्या कानाला ऐकू आली नसेल, असे मानवत नाही.

त्यांनी नाकारलेला शब्द मात्र याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात, चर्च म्हणजे इमारत नव्हे तर श्रद्धावंतांचा समुदाय, हा अर्थ सांगायला ‘मंडळी’ हा शब्द रूढ आहे आणि मराठी बायबलातही तोच येतो. मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’. त्याचा अर्थ हाक देऊन एकत्र आणलेली सभा, आणि ख्रिस्ती होण्यापूर्वी तो नगरातल्या नागरिकांच्या सभेला वापरला जात असे. हाच शब्द लॅटिन आणि पोर्तुगीज मार्गाने गोव्यात पोहोचला तो ‘इगर्ज’ होऊन, आणि तिथे तो पांढऱ्या चुन्याच्या भिंतींची, घंटेची, दगडी पायऱ्यांची इमारत झाला. इंग्रजीतला ‘चर्च’ पुन्हा वेगळ्याच ग्रीक शब्दातून, ‘प्रभूचे’ अशा अर्थाच्या शब्दातून, आलेला. म्हणजे एकच कल्पना गोव्यात घडीव दगड होऊन उतरली आणि अहमदनगरात माणसे होऊन. ज्या भाषांतरकाराने ‘मंडळी’ हा शब्द पहिल्यांदा निवडला, त्याने किती सैल, किती घरगुती शब्द निवडला आहे याची त्याला कल्पना असेल किंवा नसेल. मराठीत जेवायला बसते ती मंडळी, लग्नाला येते ती मंडळी, गावोगाव नाटके करीत फिरते तीही मंडळी. आणि जुन्या पिढीतला गृहस्थ पत्नीचे नाव घेणे टाळून ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ असे म्हणे, तेव्हा एकटी बायकोसुद्धा मंडळीच. या शब्दाला दार नाही, नोंदवही नाही, सभासदत्वाची वर्गणी नाही. मिशनने त्याला या तिन्ही गोष्टी दिल्या, हा दोष मिशनचा मानावा की संघटित होण्याच्या क्रियेचाच, कोण जाणे.

टिळकांच्या बाबतीत या शब्दाचे दोन अर्थ पाच वर्षे एकमेकांशी भांडत होते. ते मंडळीत गेले तेव्हा त्यांची मंडळी बाहेर राहिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या काळातल्या ताटातुटीचे, नातेवाइकांच्या आधाराचे आणि नंतर नवऱ्याजवळ राहायला येऊनही सोवळे-ओवळे सांभाळीत काढलेल्या दिवसांचे जे वर्णन केले आहे, ते व्यक्तिगत श्रद्धेच्या कोणत्याही सिद्धान्तापेक्षा अधिक विचार करायला लावते, कारण त्यात श्रद्धेचा प्रश्न पाण्याच्या भांड्यापाशी, म्हणजे कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, इथे येऊन थांबतो. त्यांच्या बाबतीत क्रम उलटा होता: जातिभेद हा देवाने नव्हे, माणसाने केलेला आहे, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःशी विचार करून आधी काढला, त्याप्रमाणे त्या वागू लागल्या, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये, आला. मधल्या काळात त्या कुठे होत्या? मिशनच्या हिशेबी बाहेर, माहेरच्यांच्या हिशेबी आत, आणि स्वतःच्या हिशेबी कुठे, हे त्यांच्या विनोदी, तिरकस गद्यातून नेमके हाती लागत नाही. संघटनेबाहेरची श्रद्धा म्हणून जे काही असते ते बहुधा याच मधल्या काळासारखे असावे, असे वाटते न वाटते तोच पंडिता रमाबाईंचे उदाहरण आडवे येते.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे, अँग्लिकन जोगिणींच्या मठाच्या आश्रयाने, बाप्तिस्मा घेतला. म्हणजे संघटनेत त्यांचा प्रवेश रीतसर होता, आणि भांडण त्यानंतर सुरू झाले. त्यांच्या आध्यात्मिक माता मानल्या गेलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्रैक्याच्या सिद्धान्तापासून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या मतापासून, पुडिंगपर्यंत सर्व विषय येतात. अंडी घातलेले पुडिंग रमाबाई खात नाहीत, यात मठाला जुन्या जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंचे उत्तर साधारण असे की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि कोणाला अपाय न करणारे आपले रिवाज तिने पाळले, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत की नाहीत, हा दुसरा वाद. रमाबाईंचे म्हणणे असे की लॅटिन आपल्याला येत नाही, आपल्या देशबांधवांनाही येत नाही, तेव्हा क्रूस घालायचाच तर त्यावर संस्कृत शब्द असावेत. धातूच्या दोन बोटे रुंदीच्या तुकड्यावर केवढी शब्दसंख्या मावणार. पण तेवढ्या जागेसाठी दोन भाषा, दोन पुरोहितवर्ग आणि दोन साम्राज्यांच्या आठवणी समोरासमोर उभ्या राहिल्या.

इथे विचार अडखळतो तो यामुळे की संस्कृत ही काही रमाबाईंची मोकळी, खाजगी भाषा नव्हती. तीही एका फार जुन्या मंडळीची भाषा होती, जिने बायकांना आणि शूद्रांना दारातच थांबवले होते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले आणि त्यापायी विरोध सोसला. एका संघटनेची मुद्रा नाकारताना रमाबाईंनी दुसऱ्या संघटनेची मुद्रा हाती घेतली, असे कठोरपणे म्हणता येईल. जी भाषा वडिलांनी भांडून मिळवून दिली तिला संघटनेची मुद्रा म्हणणे हा शुष्कपणा झाला, असेही म्हणता येईल. पुढे केडगावच्या आपल्या मुक्तिसदन या आश्रमात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेव्हा प्रचलित भाषांतरातले संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी मुद्दाम टाळले, कारण हे पुस्तक अल्पशिक्षित बायकांना वाचता यायला हवे होते. क्रुसावरून लॅटिन गेले, संस्कृत यायला हवे होते, आणि शेवटी संस्कृतही गेले. उरले ते काय, याचे उत्तर म्हणून मुक्तिसदनाच्या छापखान्याकडे बोट दाखवावे लागते, जिथे आश्रमातल्या बायका आणि मुली खिळे जुळवीत होत्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतराचे काम नुकतेच हातावेगळे झाले होते.

स्वतःविषयी त्यांनी नंतर सांगितले आहे की ख्रिस्ती धर्म आधी सापडला आणि ख्रिस्त बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी. संघटनेपासून श्रद्धा वेगळी काढण्याचे इतके नेटके विधान क्वचित सापडेल. पण विधान करणारी बाई त्या वेळी शेकडो स्त्रियांच्या जेवणाची, शिक्षणाची, प्रार्थनेच्या वेळांची व्यवस्था पाहत होती, आणि व्यवस्था म्हटली की घंटा आली, नियम आले, नोंदवही आली. टिळकांचा दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. रमाबाईंचे मुक्तिसदन आजही उभे आहे. यातले कोणते बाहेर आणि कोणते आत, हे वरवर दिसते तितके सोपे नाही. बाप्तिस्मा न घेताच उंबरठ्यावर थांबण्याचा मार्ग काहींनी पत्करला. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिने १९४२ मध्ये मार्सेयच्या एका डॉमिनिकन धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रांत त्याचीच कारणमीमांसा केली आहे. उंबरठ्यावर बसू नये, असे मराठी घरांतली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. का बसू नये हे मात्र त्यांतल्या फारशा कोणाला सांगता येत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्त आपल्या नावाने जमलेल्या दोघा-तिघांमध्ये स्वतः असण्याचे आश्वासन देतो. ही संख्या फार लहान आहे, आणि म्हणून संघटनेला कंटाळलेले लोक तिचा आधार घेतात. पण ती एक नाही, याकडे त्यांचे लक्ष क्वचित जाते. आगगाडीतल्या त्या प्रवाशानेही आधी कोणीतरी भाषांतरलेले, छापलेले, बांधलेले पुस्तकच हाती ठेवले होते. एकट्याची श्रद्धा शब्दांशिवाय राहत नसेल आणि शब्द एकट्याचे कधीच नसतील, तर बाहेर जाणे याचा अर्थ काय उरतो, याला टिळक, लक्ष्मीबाई आणि रमाबाई या तिघांच्या चरित्रांतून उत्तर निघेल अशी अपेक्षा होती. ती चरित्रे तीन दिशांना गेली.

मिशनच्या सेवेतून बाहेर पडलेल्या टिळकांची गीते आज मराठी चर्चमध्ये रविवारी ‘उपासना संगीत’ उघडून गायली जातात, आणि गाणाऱ्याला त्यात विसंगती वाटण्याचे कारण नसते. उपासना संपते, चपलांची गर्दी होते, कोणीतरी किटली घेऊन उभे राहते आणि मोठ्याने म्हणते, ‘मंडळी, चहा घेऊन जा.’ फाटकाशी कोणाची तरी वाट पाहत उभा असलेला, आत न आलेला माणूस एक क्षण घुटमळतो. ही हाक कोणत्या अर्थाची, हे शब्दावरून कळण्यासारखे नसते.